टर्कीचा पोटा कोणाच्या ताटात

पार्वताबाईचा राग आणि पार्वताबाईच्या टर्क्या, दोन्ही गोष्टी दर्यापूरच्या बाजारापर्यंत माहीत होत्या. टाकळीतले लोक म्हणत, टर्की निदान अंगावर यायच्या आधी पिसं फुलवते, मान लाल-निळी करते, माणसाला पळायला सवड देते. पार्वताबाई तेवढीही देत नाही.

तिच्या नराचं नाव जमादार. छाती काढून चालायचा, म्हणून हे नाव. एकदा पिकाची पाहणी करायला एक साहेब आले. त्यांच्या मोटारसायकलची टाकी अशी चकचकीत होती की जमादाराला तिच्यात दुसरा नर दिसला. मग काय, त्यानं टाकीला चोची मारमारून साहेबाला मारुतीच्या ओट्यावर चढवलं. पार्वताबाई बाहेर आली ती साहेबावरच उखडली. शेतीच्या गावात आरसा घेऊन फिरता काय, म्हणाली. साहेबांनी गाडी ढकलत वेशीपर्यंत नेली आणि मगच सुरू केली.

या टर्क्या गावात आल्या अकोल्याहून. खुशालराव, म्हणजे पार्वताबाईचा नवरा, शेतीच्या प्रदर्शनात फवारणीचा पंप पाहायला गेला होता. ही सोबत होती. पंप राहिला बाजूला आणि ही खोक्यात टर्कीची पिल्लं घेऊन घरी आली. पिल्लं वाढायला लागली, उघडी मान, लोंबती कातडी, तशी लोकांनी विचारायला सुरुवात केली की खुशालरावानं गिधाडं काहून पाळली. त्याच दिवशी पार्वताबाईनं ठरवलं की आता पाळायच्याच. हौसेनं पाळणारे पुष्कळ असतात, पण रागानं पाळणारी ती एकटीच.

पण नुसत्या रागानं पिल्लं जगत नाहीत. टर्कीचं पिल्लू मोठं बावळट जनावर. समोर दाणा असला तरी त्याला कळत नाही की हे खायचं आहे. दाण्याच्या ढिगावर उभं राहून उपाशी मरतं. पहिल्या खेपेची बरीचशी अशीच गेली. तेव्हा कुंपणापलीकडच्या सत्यवतीनं तोडगा काढला. आपल्या गावरान कोंबडीचं एक पिल्लू तिनं त्यांच्यात सोडलं. ते टकाटक टिपायला लागलं आणि त्याचं पाहून बाकीची शिकली. सत्यवती त्या पिल्लाला मास्तर म्हणायची.

पुढे टर्कीची मादी अंडी द्यायला लागली, तेव्हाही सत्यवतीच कामी आली. टर्कीची मादी अंगानं जड, स्वतःच्याच अंड्यावर पाय देऊन ते फोडते. म्हणून अंडी सत्यवतीच्या खुडूक बसलेल्या कोंबडीखाली ठेवायची. अंडी पार्वताबाईची, ऊब सत्यवतीच्या कोंबडीची. पिल्लं निघाली की दोघी कुंपणाच्या दोन बाजूंना बसून त्यांना कांद्याची पात बारीक चिरून घालत आणि साऱ्या गावाची उणीदुणी काढत. एकीला नवरा नव्हता, दुसरीला होता पण तो बोलत नव्हता. त्यामुळे दोघींचं चांगलं जमायचं.

आता त्या पोट्याचं, म्हणजे पक्ष्याच्या पोटातल्या दाणे दळणाऱ्या पिशवीचं, सांगायला हवं, कारण सगळं भांडण त्याच्यावरून झालं.

श्रावण महिनाभर घरात मांस शिजत नाही. पोळ्याला बैल सजतात, पुरणपोळी होते, आणि दुसऱ्या दिवशी येते कर. करीला वऱ्हाडात चूल पुन्हा तिखट होते. खुशालरावाच्या घरात करीच्या जेवणाचा एक जुना रिवाज होता. पक्षी कोणताही असो, त्याच्या पोट्याचे तुकडे करायचे नाहीत, नुसता साफ करून अख्खा शिजवायचा आणि घरच्या थोरल्या लेकाच्या ताटात वाढायचा. पार्वताबाईचा सासरा सांगायचा, पोटा खडे-गोटे सगळं दळून काढतो. ज्याला घर चालवायचं त्यालाही तसंच दळता आलं पाहिजे. कोंबडीचा पोटा तो केवढासा, पण टर्कीचा मुठीएवढा. तिचा थोरला, विपुल, लहान असताना तो पोटा ताटात पडला की बाकीची पोरं तोंडाकडे पाहत राहायची.

विपुल शिकला, अमरावतीला बियाण्याच्या कंपनीत लागला, पौर्णिमाशी लग्न झालं, फ्लॅट घेतला. पोळ्याला त्याला सुट्टी मिळेना. तेव्हा पार्वताबाईनं रिवाजच एस्टीत बसवला. दरवर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी खुशालराव एक टर्की पोत्यात घालून अमरावतीला पोचवून यायचा. करीच्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन जायचा. पोटा कोणं खाल्ला, ती विचारायची. मीच, विपुल म्हणायचा. शिजला होता काय नीट? मस्त शिजला होता, आई. एवढं ऐकलं की ती मग स्वतः जेवायला बसायची.

हे असं चालू असताना सत्यवतीच्या भाचीला, शालूला, विपुलच्याच बिल्डिंगीत पोळ्या लाटायचं काम लागलं. शालू सुट्टीवर आली आणि मावशीजवळ काहीतरी बोलली. सत्यवतीच्या पोटात ते दोन दिवस राहिलं हेच पुष्कळ. तिसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीवर, डबे घेऊन बाया उभ्या असताना, ती पार्वताबाईला म्हणाली, "बाई, तू दरसाली पक्षी पाठवते, पण तुया लेकाच्या घरी तो शिजतच नाई. खालच्या चौकीदाराच्या खोलीवर शिजते."

कुंपणाशी सांगितलं असतं तर कदाचित वेगळं झालं असतं. पण सांगितलं गिरणीवर, चार बायांत. पार्वताबाईनं हातातला डबा खाली ठेवला. तिनं सत्यवतीला खोटारडी म्हटलं. लेकाच्या घरचं पाहवत नाही म्हटलं. आणि शेवटी, तुला लेकरू नाही, तुला पोटा काय कळणार, असंही म्हणून गेली. गिरणी चालू होती तरी ते सगळ्यांना ऐकू गेलं. सत्यवतीनं आपला डबा उचलला आणि दळण न दळता परत गेली.

त्यानंतर दोघींचं बोलणं बंद. कुंपणाला पार्वताबाईनं कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या टेकवून भिंत केली. खुडूक कोंबडी गेली, मास्तर गेला. टर्कीनं आपलीच अंडी फोडली, जी निघाली ती पिल्लं दाण्यावर उभी राहून मेली. बघता बघता वाडग्यात, म्हणजे टर्क्यांच्या आवारात, उरले फक्त जमादार, एक अंड्यावरची मादी, आणि एक म्हातारी जी अंडी द्यायचं कधीच सोडून बसली होती.

आणि पोळा आला.

खुशालराव म्हणाला, यंदा राहू दे, एकच नर आहे, तो गेला तर वंश बुडेल. नवरा वर्षातून एखादंच वाक्य एवढं लांब बोलायचा, पण पार्वताबाईला त्यातही सत्यवतीचा वास आला. टर्की गेली नाही तर सत्यवती म्हणेल, पाहा, मी म्हटलं ते पटलं. लेकाला चिवट म्हातारी पाठवायची नाही, म्हणजे जमादार जाणारच. तशात खुशालराव बैल धुताना चिखलात घसरला आणि गुडघा सुजवून बसला. ती म्हणाली, मीच जाते.

जमादाराला पोत्यात घातलं, मान बाहेर काढायला भोक केलं. एस्टीत कंडक्टरनं विचारलं की हा हाफ की फुल. तिनं अशी नजर टाकली की त्यानं पुढच्या सीटची तिकिटं फाडायला घेतली. जमादाराला हॉर्नचं वावडं होतं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला की तो पोत्यातून जोरात उत्तर द्यायचा. दर्यापूरपासून अमरावतीपर्यंत ड्रायव्हर आणि जमादार यांचा असा संवाद चालला. ड्रायव्हरला मजा वाटायला लागली, तो रस्ता मोकळा असतानाही वाजवायला लागला. सारी गाडी हसत होती. पार्वताबाई तोंड खिडकीकडे करून बसली होती. सोयाबीन हिरवंगार उभं होतं आणि तिच्या मांडीवर घरातला शेवटचा नर होता.

बिल्डिंगीच्या फाटकाशी चौकीदार बसला होता. ओमप्रकाश त्याचं नाव, धारणीकडचा माणूस. ती काही बोलायच्या आत त्यानं उठून नमस्कार केला आणि तिच्या हातातून पोतं घेतलं. घेतलं ते लिफ्टकडे नेलं नाही. जिन्याखालच्या आपल्या खोलीकडे नेलं आणि दाराशी ठेवलं. बाबूजी नहीं आये इस बार, त्यानं विचारलं. खोलीत त्याची बायको पाट्यावर मसाला वाटत होती. भाजलेला कांदा, खोबरं, धने, सारं मांडून ठेवलेलं. तीही बाहेर आली, पदर डोक्यावर घेऊन वाकली. माताजी, तुमच्या पक्ष्याची आमची पोरं वर्षभर वाट पाहतात, असं ती हिंदी-मराठी मिसळून म्हणाली.

पार्वताबाई पाट्यावरच्या मसाल्याकडे पाहत राहिली. त्या बाईचा काही दोष नव्हता, ओमप्रकाशचाही नव्हता, हे तिला कळलं. ज्याचा दोष होता तो वरच्या मजल्यावर होता. आणि दुसरा एक गुडघा शेकत टाकळीत बसला होता, कारण दरवर्षी पोतं याच दाराशी ठेवणारा तोच होता.

तिनं पोतं पुन्हा उचललं. ओमप्रकाशला म्हणाली, भाऊ, माफ कर, यंदा हा नाही. परवा करीला तुम्ही सगळे माझ्या घरी जेवायला या. पत्ता सांगितला, जीप कुठं मिळते ते सांगितलं. मग लिफ्ट न घेता जिना चढली. रागात माणसाला जिना जाणवत नाही.

पौर्णिमानं दार उघडलं, सासू पाहून गोंधळली, पाणी आणलं. पार्वताबाईनं पाण्याला हात लावला नाही. विपुल दाढी करत होता, अर्धं तोंड फेसाचं, तसाच बाहेर आला. जमादारानं पोत्यातून मान काढून दिवाणखान्यातल्या मोठ्या टीव्हीकडे पाहिलं, काळ्या काचेत त्याला दुसरा नर दिसला, आणि तो ओरडायला लागला.

"मागच्या सालचा पोटा कोणं खाल्ला?" तिनं विचारलं.

विपुलनं तिच्या मागं उघड्या दाराकडे पाहिलं. तिथून जिना दिसत होता. त्याला समजलं.

"आई, तुले वाईट वाटू नये म्हणून..."

"मले वाईट वाटू नये म्हणून तू दरसाली खोटं बोलला. आन् मी तुया खोट्याच्या जोरावर एका बाईले खोटारडी म्हणून आली. चार लोकात. लय नको ते बोलली मी तिले."

तो सांगत राहिला. पौर्णिमाचं माहेर माळकरी, तिला मांसाचा वास सोसवत नाही, लहान फ्लॅट, खिडक्या बंद. पार्वताबाईनं सुनेकडे पाहिलं. पौर्णिमा खाली पाहून उभी राहील असं तिला वाटलं होतं, पण तिनं सरळ वर पाहिलं. म्हणाली, "आई, म्या ह्यायले पयल्याच साली म्हटलं, आईले सांगून द्या. मी नाई खात, एवढंच सांगायचं होतं. हे म्हणे, आईचा राग तुले माहीत नाई."

आता यावर रागवायचं कुणावर? सून खरं बोलली होती. पार्वताबाई तिला म्हणाली, तू नको खाऊ, तुझ्यावर माझं काही नाही. मग लेकाकडे वळली. "माया रागाले भेतो म्हणतो. मग रागच सोसाचा होता. राग दोन दिवसात उतरते. करीले घरी ये. यायचंच हाये."

पाणी तिनं शेवटपर्यंत घेतलं नाही. परतीच्या एस्टीत योगायोगानं ड्रायव्हर तोच होता, पण त्यानं तिचं तोंड पाहिलं आणि दर्यापूर येईपर्यंत हॉर्नला हात लावला नाही.

घरी आल्यावर खुशालरावाचं काय झालं ते त्या दोघांनाच माहीत. एवढं मात्र शेजाऱ्यांना ऐकू आलं की, तुमी माणूस हाये की कुरियर, असं तिनं विचारलं. खुशालराव म्हणाला की पोरगा म्हणाला आईला सांगू नका, आणि तू विचारलंही नाही मला कधी. हे खरं होतं. तिनं त्याला कधी काही विचारलंच नव्हतं. त्यामुळे ती आणखीच चिडली आणि पुरणाची डाळ अशी वाटली की पाट्याचा आवाज वेशीपर्यंत गेला.

पोळा झाला. करीच्या दिवशी सकाळी विपुल मोटारसायकलवर आला, पौर्णिमा मागं बसून. पार्वताबाई त्याला सरळ सत्यवतीच्या दाराशी घेऊन गेली. पऱ्हाट्यांची भिंत तिनं स्वतः सकाळीच ओढून काढली होती.

विपुलनं सांगितलं. काकू, शालू खरं बोलली, मी आईशी खोटं बोलत होतो. सत्यवती अंगणात तुरीची डाळ पाखडत होती. तिनं सूप थांबवलं नाही. त्याचं बोलून झाल्यावर म्हणाली, "तुयं झालं, बाबू. तुया मायचं राहिलं."

पार्वताबाई म्हणाली की चुकलं माझं. सत्यवती म्हणाली, इथं नाही. "मले तू गिरणीवर बोलली. इथं माया अंगणात माफी मागशीन त ते मलेच ऐकू येईन. मले त माहीतच हाये मी खरी हाये."

पार्वताबाईच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. जमादाराच्या मानेसारख्या, पाहणाऱ्यांनी नंतर सांगितलं. गिरणीवर करीच्या दिवशी गर्दी असते, भाकरीला पीठ सगळ्यांनाच लागतं. तिथं जाऊन मान खाली घालायची म्हणजे पुढची सारी वर्षं बाया तेच बोलणार. विपुल म्हणाला, आई, मी जातो गिरणीवर, मी सांगतो. ती त्याच्यावर अशी ओरडली की पौर्णिमा दोन पावलं मागं सरली. तुझं खोटं तू सांगितलंस, म्हणाली. तिला लेकरू नाही, हे काय तू म्हटलं होतंस? ते मीच म्हटलं.

ती घरात गेली, ज्वारीचा डबा भरला, आणि रस्त्यानं निघाली. मागं सत्यवती, तिच्याही हातात डबा. दोघींत बैलगाडी जाईल एवढं अंतर. लोक दारादारांतून पाहत होते.

गिरणीवाला नत्थुजी. त्याला सारं माहीत होतं, गिरणीवाल्याला माहीत नसलेलं गावात काही नसतं. पार्वताबाई बोलायला लागली तशी त्यानं गिरणी बंद केली. पट्टा फिरत फिरत थांबला. अशी शांतता त्या खोलीत दिवाळीलाही कुणी ऐकली नव्हती.

"सत्यवती खरी होती," ती म्हणाली. "मी खोटी होती. आन् लेकराचं जे बोलली, ते माणसानं बोलाचं नव्हतं. बस. आता गिरणी लाव, नत्थुजी, तोंडाकडे काय पाहतं?"

सत्यवतीनं सगळ्यांसमोर आपला डबा पार्वताबाईच्या डब्याच्या पुढं ठेवला. नंबर माझा पहिला, म्हणाली. मागं दळण राहिलं होतं.

दुपारी म्हातारी टर्की कापली. जमादाराला हात लावला नाही. गरम पाण्यात बुडवून पिसं काढली, पऱ्हाट्यांच्या जाळावर शेकली. त्याच पऱ्हाट्या, कुंपणाच्या. हळद-मीठ चोळलं. कातडी काढली नाही, कातडी गेली की रश्श्याची चव जाते. कांदा निखाऱ्यात भाजून काळा केला, खोबरं, खसखस, धने, सगळं पाट्यावर. मोठा गंज चुलीवर चढवला. म्हातारी हटवादी होती, दुपार सरली तरी शिजेना. पौर्णिमासाठी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला वांग्याची भाजी आणि भाकर, वारा तिकडून इकडे येत होता म्हणून वास जात नव्हता. ओमप्रकाश बायको-पोरांना घेऊन जीपमधून उतरला, त्याची बायको आल्या आल्या चुलीशी बसली आणि दरवर्षीच्या अनुभवानं म्हणाली की याला अजून वेळ आहे. पार्वताबाई म्हणाली, तू बरी जाणते, दरसाली तुझ्याच हातानं तर शिजते. बोलता बोलता तिला हसू आलं आणि हसू आल्याचा राग आला.

अंगणात पंगत बसली. लाल तर्रीचा रस्सा, ज्वारीची भाकर, कांदा. विपुल थोरल्या लेकाच्या जागेवर बसला, सवयीनं. पार्वताबाई गंज घेऊन आली, पळीनं तळ ढवळला आणि तो मुठीएवढा पोटा वर काढला. विपुलनं ताट थोडं पुढं सरकवलं.

ती त्याच्या पुढून गेली. ओमप्रकाशच्या पुढून गेली, तो मान हलवून नको नको म्हणत होता. सत्यवतीच्या ताटाशी थांबली आणि पोटा तिच्या ताटात टाकला. असा टाकला की रस्सा उडाला.

सत्यवतीनं पोट्याकडे पाहिलं. खुशालरावाच्या घरात हा मान आजवर कोणा बाईला मिळाला नव्हता. तिनं भाकरीचा तुकडा बाजूला ठेवला, दोन्ही हातांनी पोटा उचलला आणि चावला. चावत राहिली. सगळी पंगत तिचं तोंड पाहत होती, लहान पोरं पूर्वी विपुलचं पाहायची तशी.

"मीठ जास्त झालं," ती म्हणाली.

"मग पुढच्या साली तूच कर," पार्वताबाई म्हणाली आणि विपुलच्या ताटात मानेचा तुकडा टाकला. त्यानं वर पाहिलं. "पाहू नको. तुयावरचा राग अजून हाये. पुढच्या करीले यायचं, यायचं नसन त फोनवर नाई म्हणाचं."

तो मान चोखत बसला. चांगली लागली असावी, कारण त्यानं दुसऱ्यांदा रस्सा मागितला.

हात धुऊन निघताना सत्यवती वाडग्यापाशी थांबली. जमादार पिसं फुलवून तिच्यावर धावला, तिनं त्याला सुपासारखा हात दाखवला तसा तो मुकाट्यानं मागं फिरला. तिनं आतल्या मादीकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या भुशात पडलेली अंडी पाहिली.

"हे जाडी आपलीच अंडी फोडून टाकीन," ती पार्वताबाईला म्हणाली, पाठ फिरवूनच. "उद्या सकाळी आणून दे. माही कोंबडी खुडूक बसली हाये."